डॉग बसला की बसला

उन्हात बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याचं तोंड उघडंच असतं. जीभ बाहेर, धाप चालू, हार्नेस श्वासाबरोबर खालीवर होतोय, गाडीच्या पुढच्या बंपरपासून सुरुवात केलीय, चाकाच्या वरच्या पोकळीत नाक घालून पुढं, दरवाज्याच्या फटीला नाक लावून पुढं, आणि मधेच एका जागी ते तोंड पटकन मिटतं. धाप थांबते. नाकातून बारीक, भराभर श्वास सुरू होतो, शेपटीची लय बदलते, पुढं गेलेलं डोकं झटक्यात मागं येतं. सगळं एक-दोन सेकंदांत. ज्याला काय बघायचं ते माहीत नाही त्याला यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा गेटवरचा गार्ड मोबाईलमधे असतो आणि ड्रायव्हर लांब उभा राहून सिगारेट पेटवत असतो. ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात गोळा येतो.

कारण साधं आहे, धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. हुंगायचं असलं की तोंड मिटावंच लागतं. सेकंदाला पाचेक वेळा ते नाकातून श्वास आतबाहेर करतं, आणि बाहेर सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागं फेकतं, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. माणसाच्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या वीस-तीस कोटी. हे आकडे मी क्लासमधे पाठ केले होते. पण खरं शिक्षण त्या तोंड मिटण्याकडं बघण्यातच झालं, आधी काश्मीरमधे आणि नंतर काबूलमधे.

मी फौजेत आरव्हीसीला होतो, रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर, मेरठचं सेंटर. आमच्या खटाव-माण पट्ट्यात घरोघरी फौजी, पण बहुतेक सगळे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाहीतर तोफखान्याचे. मी घोडे-कुत्र्यांच्या कोअरला लागलो म्हटल्यावर आमचे तात्या (वडील, ते स्वतः पायदळातले) दोन दिवस धड बोलले नाहीत. पुढं मी सुट्टीवर आल्यावर त्यांना सांगितलं की रोज सकाळी रोड ओपनिंगला (फौजेच्या गाड्या जायच्या आधी रस्ता तपासायला) सगळ्यांच्या पुढं कोण चालतं, आधी डॉग, मग लीशच्या, म्हणजे त्याच्या पट्ट्याच्या, दुसऱ्या टोकाला त्याला चालवणारा हॅण्डलर, आणि मग मागून बाकीची पार्टी. तात्या गप्प ऐकत राहिले आणि त्यानंतर गावात कुणी 'कुत्री सांभाळतो' म्हणालं की तेच त्याला झाडायचे.

फौजेतला जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत निघतो हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. निघाल्यावर काय, बँकेचा गार्ड, साखर कारखान्याचं गेट, टोलनाका. मुलांच्या फिया वाढायच्या वयात पगार निम्म्यावर येतो. त्याच वेळी आधी निघालेला एक कोर्समेट दुबईहून फोन करतो की इथं ईडीडी हॅण्डलर पाहिजेत, स्फोटकं शोधणाऱ्या डॉगचा अनुभव पाहिजे, आर्मीचं सर्टिफिकेट चालतं. असेच सगळे जातात, मीपण तसाच गेलो. कुणी एअरपोर्टच्या कार्गोत, कुणी इराकमधे, कुणी मॉलच्या पार्किंगला. मला काबूल मिळालं. घरी आधी दुबईच सांगितलं होतं, आईला खरं सांगायला बायकोनंच वेळ बघितली.

काबूल समुद्रसपाटीपासून साधारण अठराशे मीटरवर, चारी बाजूंना डोंगर, आणि हिवाळ्यात घराघरात कोळसा-लाकूड जळत असल्यानं त्या डोंगरांच्या वाटीत धूर साचून राहतो. आमचा कॅम्प जलालाबाद रोडच्या बाजूला. परदेशी लोक राहायचे, काही संस्था, काही सल्लागार, काही दूतावासांची माणसं. बाहेर काँक्रीटच्या उंच भिंती, मग एक गेट, मग मोकळी पट्टी, मग दुसरं गेट. आम्ही त्या मोकळ्या पट्टीत. आत येणारी प्रत्येक गाडी, मग ती पाण्याची असो, डिझेलची, भाजीची, का साहेबांची लँड क्रूझर, डॉगनं हुंगल्याशिवाय आत नाही.

माझ्याकडं डीना होती. बेल्जियन मॅलिनॉइस, कानांची टोकं काळी, वजनाला हलकी, डोळे सतत माझ्या खिशाकडं, कारण चेंडू खिशात. ती हॉलंडच्या केनेलमधून तयार होऊन आली होती, म्हणून कमांड डचमधे, 'झूक' म्हटलं की शोध, 'झिट' म्हटलं की बस. खटावच्या माणसाच्या तोंडून ते डच कसं निघत असेल देव जाणे, डीनाला मात्र बरोबर कळायचं.

रोजचं काम सांगतो, कारण लोकांना वाटतं यात काय, कुत्रं सोडायचं आणि बघत बसायचं. गाडी येऊन थांबली की ड्रायव्हरनं इंजिन बंद करायचं, बॉनेट, डिकी, सगळी दारं उघडायची आणि लांब भिंतीआड जाऊन उभं राहायचं. आपण आधी वारा बघायचा. वास गाडीभोवती सगळीकडं सारखा नसतो, चुलीचा धूर वाऱ्यावर जातो तसा तो एका बाजूला लांबत, रुंदावत जातो, म्हणून वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूनं सुरुवात करायची. मग बंपर, चाकं, दाराच्या फटी, खालचा पट्टा, डिकी, परत पुढं. लीश ढिली. लीश ताणलेली असली तर कुत्रं वासामागं जात नाही, तुमच्या हातामागं जातं. आणि वास सापडला की त्यानं उकरायचं नाही, भुंकायचं नाही, फक्त बसायचं आणि उगमाकडं बघत राहायचं. बॉम्बच्या डॉगला बसायलाच का शिकवतात ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मला तिथं लवकर कळली आणि ती कुठल्या मॅन्युअलमधे नव्हती. तिथल्या माणसांना कुत्र्याची लाळ लागली तर ते नापाक धरतात, कपडा धुवावा लागतो, आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत डॅशबोर्डवर रेशमी कापडात गुंडाळलेलं कुराण असतं, मागं जानमाज, नमाजाची चटई, घडी करून ठेवलेली असते. काही हॅण्डलर डॉगला सरळ सीटवर चढवायचे. मी आधी ड्रायव्हरला सांगायचो, तुझं कुराण आणि जानमाज तू तुझ्या हातानं काढून घे, मी थांबतो. त्या दोन मिनिटांसाठी मला मागून रेडिओवर बोलणी बसायची. पण तोच माणूस रोज भाजी घेऊन यायचा, पुढच्या वेळी लांबूनच हात छातीवर ठेवून मान झुकवायचा आणि न सांगता दारं उघडायचा. आणि मनात राग नसलेला ड्रायव्हर घाम पुसत येरझाऱ्या घालत नाही, त्यामुळं कुत्र्याचं लक्षही उडत नाही. अदब आणि सुरक्षा एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मला तिथं कधीच वाटलं नाही.

आता वासाचं. आपण म्हणतो कुत्र्यानं आरडीएक्स हुंगलं. खरं तर शुद्ध आरडीएक्सची वाफ जवळजवळ होतच नाही. सी-फोरसारख्या प्लास्टिक स्फोटकात कुत्र्याला जे सापडतं त्यात ते बनवताना वापरलेल्या सॉल्व्हंटचा वास मोठा असतो, टीएनटीत त्याच्याच घराण्यातल्या डीएनटीचा. १९८८ला लॉकरबीवर पॅनॅमचं विमान सेमटेक्स या प्लास्टिक स्फोटकानं उडवलं गेलं, त्यानंतर १९९१ला माँट्रियलला करार झाला की कारखान्यात बनणाऱ्या प्लास्टिक स्फोटकात मुद्दाम वास येणारं एक रसायन मिसळायचं. चांगलं झालं. पण अफगाणिस्तानात कारखान्याचा माल वापरतंय कोण. तिथं खताचं अमोनियम नायट्रेट, त्यात डिझेल नाहीतर ॲल्युमिनियमची भुकटी. सरकारनं २०१०ला त्या खतावर बंदी घातली तर लोक पोटॅशियम क्लोरेटकडं वळले. म्हणजे कुत्र्याला एक वास शिकवून भागत नाही, सगळी यादी शिकवावी लागते आणि ती सतत ताजी ठेवावी लागते.

त्यासाठी ट्रेनिंग एड्स लागतात, म्हणजे खऱ्या स्फोटकांचे छोटे नमुने. प्रत्येक नमुना वेगळ्या डब्यात, वेगळ्या हातमोज्यांनी हाताळलेला. टीएनटी आणि सी-फोर एकाच पेटीत महिनाभर ठेवलं तर दोन्हींचा वास एकमेकांत मुरतो आणि कुत्रं खिचडी शिकतं. रोज एकच माणूस एकाच रोलची टेप लावून नमुने लपवत असेल तर कुत्रं टेप शोधायला शिकतं. म्हणून मधून मधून नुसती टेप, नुसते हातमोजे, नुसती बॅटरी, बिस्किटं लपवायची, त्यावर बसलं तर चेंडू नाही. आणि कधी कधी काहीच लपवायचं नाही. रिकामी रांग. दहा गाड्या, दहाही स्वच्छ, आणि कुत्र्यानं दहाही गाड्यांवरून न बसता पुढं जायला हवं. हे शिकवणं सगळ्यात अवघड, आणि ते कुत्र्याला नाही, माणसाला.

२०११ला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला एक प्रयोग छापून आला. १८ हॅण्डलर आणि त्यांचे सर्टिफाइड डॉग, त्यांना एका इमारतीतल्या खोल्या तपासायला सांगितल्या. सांगताना असं सांगितलं की आत माल असू शकतो, काही ठिकाणी लाल कागद चिकटवून ठेवला आणि तो म्हणजे मालाची खूण असं सुचवलं. आत प्रत्यक्षात कुठंही काहीही नव्हतं. तरी बहुतेक फेऱ्यांत 'डॉग बसला' असं हॅण्डलरांनी सांगितलं, आणि लाल कागदापाशी जास्त. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना वाटत होतं इथं असेल, मग त्या जागी पाऊल जरा रेंगाळलं, हात जरा थांबला, आणि कुत्र्यानं मालकाचं मन वाचलं. कुत्र्याला त्यापेक्षा सोपं काही नाही, हजारो वर्षं ते तेच करत आलंय.

हे मला मेरठच्या उस्तादांनी या प्रयोगाच्या कितीतरी आधी त्यांच्या भाषेत सांगितलं होतं, लीश पे दिमाग मत उतारो. मी आजही कुणाला एकच गोष्ट शिकवायची म्हटलं तर हीच शिकवेन.

आणि लीशवर दिमाग उतरतं म्हणजे काय होतं त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण इराकचं आहे. एका ब्रिटिश माणसानं इराक सरकारला एडीई ६५१ नावाचं यंत्र विकलं, हातात धरायची मूठ आणि पुढं हलणारी अँटेना, म्हणे बॉम्बकडं वळते. आत काहीही नव्हतं, ना बॅटरी ना सर्किट, मूळ कल्पना गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या खेळण्यावरून उचललेली. एकेका नगाला हजारो डॉलर. बगदादच्या नाक्यानाक्यावर शिपाई ते धरून गाड्यांच्या बाजूनं चालायचे आणि हाताच्या नकळत हलण्यानं अँटेना वळायची. ज्याचा संशय आला त्याच्याकडं वळायची, ज्याचा नाही आला ती गाडी पुढं. २०१३ला त्या माणसाला इंग्लंडात दहा वर्षांची शिक्षा झाली, तरी यंत्रं नाक्यांवर चालूच होती, आणि ३ जुलै २०१६ला बगदादच्या कर्राडा भागात बॉम्ब फुटून तीनशेवर माणसं गेल्यावर पंतप्रधानांनी ती काढायला लावली. बगदादमधे काम केलेला आमचा एक झिम्बाब्वेचा सहकारी हे सांगताना मुठी आवळायचा. मला त्यात जे दिसतं ते असं, की ती कुत्रं नसलेली लीश होती. नुसतं माणसाचं मन, आणि पुढं काही नाही.

आपल्याकडं मुंबई पोलिसांचा झंजीर सगळ्यांना माहीत आहे, निदान माझ्या वयाच्या लोकांना. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर त्या लॅब्रेडॉरनं जे शोधलं त्याची नोंद ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं अशी आहे. २००० सालच्या नोव्हेंबरमधे तो कॅन्सरनं गेला तेव्हा सरकारी इतमामात निरोप दिला, फुलांनी झाकलेल्या झंजीरला सलाम करणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अजूनही दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतो. तो फोटो आला की मला झंजीरच्या हॅण्डलरचा विचार येतो. झंजीर बसला आणि तो म्हणाला 'साहेब, बसला', तेव्हा त्याच्या मागं अख्खं पोलीस दल उभं होतं. रस्ता बंद झाला, लोक ओरडले, तरी त्याची नोकरी जाणार नव्हती.

कॉन्ट्रॅक्टवरच्या हॅण्डलरच्या मागं कोणी नसतं, आणि मला जे सांगायचंय ते हेच आहे.

३१ मे २०१७ला सकाळी साडेआठच्या सुमारास काबूलमधे झनबाक चौकात, जर्मन दूतावासाजवळ, सांडपाणी वाहणाऱ्या टँकरमधे स्फोट झाला. दीडशेच्या वर माणसं गेली, बहुतेक ऑफिसला निघालेली साधी काबूलची माणसं. आमचा कॅम्प लांब, तरी काचा थरथरल्या आणि डीना केनेलमधे उठून उभी राहिली. पुढच्या जानेवारीत, २७ तारखेला, ॲम्ब्युलन्स. पहिल्या नाक्यावर सांगितलं हॉस्पिटलला पेशंट नेतोय, सोडली, पुढच्या नाक्याजवळ फुटली, शंभरावर माणसं. त्या दोन दिवसांनंतर आमच्या गेटवरचे नियम बदलले, सांडपाण्याचा टँकर, ॲम्ब्युलन्स, साहेबांची गाडी, कुणालाच सूट नाही. पण नियम कागदावर राहतात आणि दोन महिन्यांत घाई परत येते. गाड्यांची रांग वाढली की रांगेतली माणसंच टार्गेट होतात, त्यामुळं घाई सगळीच खोटी नसते, हेही खरं.

अशाच एका हिवाळ्याच्या सकाळी एक पिकअप आली, मजूर उतरवून सामान घ्यायला आलेली. थंडीत वास कमी उठतो म्हणून मी डीनाला हळू चालवत होतो. ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला, जिथं लोखंडी ट्रॉली केबिनला मिळते तिथं तोंड मिटलं. ती परत वळली, फटीत नाक घातलं, खाली, वर, आणि बसली. माझ्याकडं बघितलं नाही, फटीकडंच बघत राहिली. मी रेडिओवर सांगितलं, पॉझिटिव्ह. गेट बंद, आतबाहेर थांबलं, बाहेर रांगेत एका मोठ्या माणसाच्या तीन गाड्या. सुपरवायझरचा आवाज आला, री-रन कर. परत फिरव.

हे शब्द फार साधे वाटतात. पण कुत्र्याला परत त्याच जागी नेणं म्हणजे त्याला सांगणं की तुझं पहिलं उत्तर चुकलं. ते परत बसलं तर परत न्यायचं, मग तिसऱ्यांदा ते तुमच्या तोंडाकडं बघतं, आणि न बसता पुढं गेलं की तुमचा चेहरा सैल होतो, आवाज सुटतो, सगळे खुश. त्या दिवशी त्या कुत्र्यानं शिकलेलं ते कायम शिकलं, की या वासावर बसलं की माणसं नाराज होतात. मी म्हणालो, डॉग बसलाय, मी री-रन करणार नाही, दुसरा डॉग दुसऱ्या हॅण्डलरनं आणा आणि त्याला कुठं बसली ते सांगू नका. पलीकडून शिव्या. नेपाळमधल्या पोखऱ्याकडचा एक जुना गोरखा हॅण्डलर होता, आम्ही त्याला दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणायचो, तो एक शब्द न बोलता त्याचा लॅब्रेडॉर घेऊन आला, उलट्या बाजूनं सुरू केलं, आणि त्याच फटीपाशी येऊन लॅब्रेडॉर बसला.

बॉम्ब नव्हता. बॉम्ब निकामी करणारे आले, गाडी उघडली, काही नाही. ड्रायव्हरला विचारल्यावर कळलं आदल्या दिवशी दगडाच्या खाणीवर सुरुंगाचं सामान त्याच पिकअपमधून गेलं होतं, गोण्या तिथंच कोपऱ्यात रचल्या होत्या. दोन्ही कुत्री शंभर टक्के बरोबर होती. वास होता, माल गेला होता.

संध्याकाळी रजिस्टरमधे नोंद झाली, फॉल्स अलर्ट. माझ्या नावावर एक, दाजूच्या नावावर एक. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही, लिहून काही होणार पण नाही. पण क्लायंटला दर महिन्याला रिपोर्ट जातो, त्यात फॉल्स अलर्टचा आकडा असतो, तो आकडा वाढला की कॉन्ट्रॅक्ट धोक्यात, आणि कॉन्ट्रॅक्ट धोक्यात म्हणजे सगळ्यात आधी आमच्यासारखे. राहिलेल्या वासावर बसणं याला खोटं म्हणायचं नाही, त्याला वेगळा रकाना हवा, हे मी लिहून दिलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर मला दिसायला लागलं की काही पोरांच्या कुत्र्यांचं बसणंच बंद झालंय. महिनोन् महिने एकही अलर्ट नाही, रिपोर्ट चकाचक. त्या पोरांना मी दोष देत नाही. गावाकडं घराचं कर्ज, बहिणीचं लग्न, आणि रिन्युअल सहा महिन्यांवर. ते मुद्दाम काही करत नव्हते, फक्त त्यांना मनातून कुत्र्यानं बसायला नको होतं, आणि ते लीशवरून खाली उतरत होतं.

पगाराबद्दल एवढंच, की एकाच गेटवर, एकाच शिफ्टला, तेच काम करणाऱ्या चौघांचे चार पगार पासपोर्टवर ठरलेले असतात. अमेरिकन वर, मग दक्षिण आफ्रिकेचा गोरा, मग खाली आम्ही. राहण्याची जागा वेगळी, गाडी वेगळी. २० जून २०१६ला कॅनडाच्या दूतावासाच्या गार्डांची मिनीबस काबूलमधे उडवली, चौदा जण गेले, जवळजवळ सगळे नेपाळी, दोघं आपले देहरादूनचे. बस चिलखती नव्हती. दाजू त्यांतल्या काहींना ओळखत होता. त्या रात्री त्यानं भात रांधला, आमच्या ताटात वाढला, आणि स्वतः जेवला नाही.

माणसांचं असं, तर कुत्र्यांचं काय. डॉग कंपनीचा. आपण सुट्टीवर आलो की तो दुसऱ्या हॅण्डलरला देतात, परत आल्यावर मिळेलच असं नाही. फौजेत पण बदल्या होतात, पण तिथं डॉगमागं व्हेटरनरी डॉक्टर असतो, रेशनचं स्केल असतं, डॉग आजारी तर कुणीतरी जाब देतो. डीनाचं टेम्परेचर मी रोज दोन वेळा घ्यायचो, कुत्र्याचं साधारण साडेअडतीस ते एकोणचाळीस, एक्केचाळीसवर गेलं की जिवाशी खेळ, आणि मॅलिनॉइस चेंडूसाठी मरेपर्यंत धावते, आपण थांबवलं तरच थांबते. जेवण दिल्यावर लगेच काम नाही, काम झाल्यावर लगेच जेवण नाही, पोट फुगून पिळलं तर काही तासांत कुत्रं जातं. हे सगळं हॅण्डलरच्या इमानावर. तपासणारं कोणी नाही.

आणि तपासणारं कोणी नसलं की काय होतं ते २०१९ला अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकाच्या अहवालात छापून आलं. त्यांनी जॉर्डनला दिलेले स्फोटकं शोधणारे कुत्रे, त्यातली झोई २०१७च्या उन्हाळ्यात सीरियाच्या सीमेवर उष्माघातानं गेली. अथीना नावाची दोन वर्षांची कुत्री बरगड्या मोजता येतील अशी सापडली, तिला परत नेलं म्हणून वाचली. त्याच वर्षाच्या शेवटी जॉर्डन आणि इजिप्तला कुत्रे पाठवणं थांबवलं. मी तो अहवाल फोनवर वाचत होतो आणि डीना पायाशी झोपली होती, मला पुढं वाचवेना.

माझं कॉन्ट्रॅक्ट काबूल तालिबानच्या हातात पडायच्या आधी संपलं. डीनाला दत्तक द्या म्हणून अर्ज केला. पाळीव म्हणून कागदपत्रं करून कुत्रं भारतात आणता येतं, पण आधी मालकानं सोडायला हवं. तिचं वय कामाचं होतं, तिला दुसऱ्या साइटवर पाठवलं, कुठं ते सांगायला ते बांधील नव्हते. मी तिचं रजिस्टर नवीन हॅण्डलरसाठी भरून ठेवलं. डाव्या मागच्या पायाच्या पंजाला थंडीत भेगा पडतात, व्हॅसलीन लाव. चेंडू डाव्या खिशात ठेव, उजव्यात ठेवलास तर ती उजवीकडंच चालते. बसली की बसली, परत विचारू नको. हे शेवटचं मी दोनदा अधोरेखित केलं.

१७ ऑगस्ट २०२१ला आपल्या दूतावासाची माणसं हवाई दलाच्या सी-१७मधून परत आणली, त्याच विमानात आयटीबीपीचे (इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे) तीन कुत्रे पण आले, माया, रूबी आणि बॉबी. दिल्लीजवळ हिंडनच्या हवाई तळावर उतरल्याचे फोटो मी टीव्हीला नाक लावून बघितले. आयटीबीपीनं डॉग मागं ठेवला नाही, याचा मला किती अभिमान वाटला ते शब्दांत सांगता येणार नाही. त्यानंतर काही दिवसांत काबूल एअरपोर्टवर पिंजऱ्यातले कुत्रे मागं राहिल्याच्या बातम्या आल्या, त्यावरून वाद पेटला, अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं सांगितलं की लष्कराचा एकही कुत्रा मागं राहिलेला नाही. लष्कराचा नसेल. प्रत्येक फोटो मी मोठा करून कानांची टोकं बघत होतो.

आता मी गावीच असतो. मधून मधून नुकत्याच पेन्शनीत आलेल्या पोरांचे फोन येतात, दादा, कतारची ऑफर आलीय, इराकची आलीय, जाऊ का. मी नको म्हणत नाही. कसं म्हणणार, माझ्या घराचा स्लॅब त्याच पैशातला आहे. पण पगार किती हे विचारायच्या आधी कंपनीला काय विचारायचं ते सांगतो. साइटवर व्हेट आहे का आणि रात्री येतो का. उन्हाळ्यात डॉगला सलग किती मिनिटं चालवतात. डॉग बसला तर गेट बंद करायचा अधिकार कुणाचा, हॅण्डलरचा का सुपरवायझरचा, आणि तो लेखी आहे का. फॉल्स अलर्ट कशाला म्हणतात. ट्रेनिंग एड्स साइटवर आहेत का, कोण ठेवतं, शेवटचे कधी बदलले. पोरं सगळं लिहून घेतात, आणि यातलं पहिलं सोडलं तर बाकीच्याला कंपनी सहसा हसून उत्तर देते. एड्सच्या प्रश्नावर 'आमचे डॉग सर्टिफाइड येतात, एड्स लागत नाहीत' असं म्हणाले तर मी सांगतो सही करू नकोस, तिथली कुत्री चार-सहा महिन्यांत नुसती गाडीभोवती फिरतील आणि तू त्यांच्या मागं मागं, रोज, बॉम्ब असेल त्या दिवशीसुद्धा.